उंबर आपण कुणासाठी सोडलं?

आमच्या कॉलनीच्या बागेत मागच्या कोपऱ्याला एक उंबर आहे. तो कुणी लावलेला नाही. कुण्या पाखरानं बी टाकलं असेल, कुंपणाच्या दगडांच्या फटीत ते रुजलं, आणि आमची घरं उभी राहता राहता झाडही उभं राहिलं. आता दोघांना मिळून कवेत घ्यावं लागतं. त्याच्या मागे करवंदीची दाट जाळी, थोडी रुई, थोडा टाकळा आणि वर्षानुवर्षं साचलेला पालापाचोळा. बेळगावचा पाऊस सुरू झाला की त्या कोपऱ्यातून एवढे आवाज येतात की खिडकी बंद करून झोपावं लागतं. बेडूक, रातकिडे, आणि ज्यांची नावं मला अजून ठाऊक नाहीत असे बरेच जण.

श्रावणातल्या एका रविवारी सभा झाली. ठराव असा : उंबर तोडायचा, जाळी साफ करायची, तिथं पेव्हर बसवायचे, उरलेल्या जागेत लॉन करायचं, आणि दर पंधरा दिवसांनी सगळ्या बागेत औषध मारायचं. कारण? उंबराची फळं पडून रस्ता चिकट होतो. माश्या घोंघावतात. वटवाघळं घाण करतात. आणि ‘बाग कशी, बागेसारखी दिसली पाहिजे की वो!’

आमच्या कॉलनीत निम्म्याहून जास्त घरं जैनांची. ठराव मांडणारे जैन, अनुमोदन देणारे जैन. सगळं ठरल्यावर एका काकांनी हात वर केला. मला वाटलं, चला, कुणीतरी बोलणार. ते म्हणाले, “एवढंच म्हणतो, दशलक्षण पर्व झाल्यावर तोडू. पर्वात हिंसा नको.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. अनंत चतुर्दशी झाली की माणूस बोलवायचा ठरलं. मीही तिथंच खुर्चीवर बसले होते. माझा हात वर गेला नाही हे खरं, पण तोंडही उघडलं नाही. घरी येऊन जेवायला बसले आणि घास गिळेना. जे सभेत बोलायला हवं होतं ते आता इथं बोलते.

पहिला प्रश्न अगदी साधा आहे. उंबर आपण कुणासाठी सोडलं?

श्रावकाचे आठ मूलगुण लहानपणी आपल्याला पाठ करून घेतात. मद्य, मांस, मध सोडायचं आणि पाच उदुंबर फळं सोडायची. वड, पिंपळ, उंबर वगैरे. माझं आजोळ निपाणीकडलं. मळ्यात मोठा उंबर होता आणि उन्हाळ्यात त्याच्या खोडाला लाल फळं लगडायची. इतर मुलं खायची, आम्हाला बंदी. एकदा मी हट्ट धरला तेव्हा आजीनं एक फळ उचललं, उन्हात नेऊन हळूच उघडलं आणि म्हणाली, “बघ, कुणाचं घर हाय ते.” आतून बारीक बारीक किडे बाहेर पडले, पंखवाले. तिनं ते फळ मिटल्यासारखं करून पुन्हा बुंध्याशी ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं.

पुढं शिकल्यावर कळलं की आजी शास्त्राला धरूनच बोलत होती. उंबराची फुलं बाहेर दिसत नाहीत, ती त्या गोळ्याच्या आत असतात. फळाच्या टोकाला बारीक तोंड असतं. त्यातून एक इवलीशी गांधीलमाशीच्या जातीची मादी आत शिरते, एका फळातले परागकण दुसऱ्यात आणते, तिथंच अंडी घालते आणि तिथंच मरते. तिची पिल्लं आत वाढतात आणि परागकण घेऊन बाहेर पडतात. ती नसेल तर उंबराला बी धरत नाही. उंबर नसेल तर ती जगत नाही. वड, पिंपळ, उंबर, प्रत्येकाची माशी बहुधा वेगळी. आणि वर्षातून एकदाच फळून ही झाडं गप्प बसत नाहीत. इतर झाडं रिकामी असतात तेव्हाही कुठला ना कुठला वड-उंबर फळलेला असतो. म्हणून तांबट, बुलबुल, कोकीळ, हळद्या, खार, वटवाघूळ असे सगळे त्याच्या आसऱ्याला येतात.

ज्या झाडाच्या फळात जीव आहेत म्हणून आपण हजारो वर्षं त्याला तोंड लावलं नाही, ते झाड त्या जिवांसकट तोडायला आपलीच सभा ठराव करते. फळ खाल्लं तर दोष, झाड पाडलं तर सुशोभीकरण! हा कुठला हिशेब?

मधाचंही तसंच. मध आपण चाटत नाही, औषधालासुद्धा नाही. पण शेवग्याच्या मोहरावर मधमाशा येतात तेव्हाच आपला फवारणीवाला पंप पाठीला लावून येतो. तिचा मध घेतला नाही याचं पुण्य, आणि तिचा जीव घेतला त्याची पावती सोसायटीच्या खर्चात.

मला कुणी सांगेल, बाई, हे नकळत घडतं, गृहस्थाला एवढी हिंसा लागतेच. तर मग श्रावकाचार उघडून बघूया. गृहस्थाच्या हिंसेचे चार प्रकार आपल्याला शिकवलेत : आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी. स्वयंपाकात, शेतीधंद्यात, स्वतःच्या रक्षणात जी होते ती गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, कमी करत जायची. पण संकल्पी, म्हणजे मारायचं ठरवून मारणं, ती अणुव्रत घेतलेल्यानं सोडायचीच. आता सांगा, दर पंधरा दिवसांनी, तारीख ठरवून, माणूस लावून, निविदा मागवून किडे मारणं हे या चारांत कुठं बसतं? ती शेती नाही, पोटाचा धंदा नाही, आणि रुईवरच्या अळीनं आजवर कुणावर हल्ला केलेला मी ऐकलेला नाही.

समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंड सांगितलाय. काही प्रयोजन नसताना केलेली हिंसा. त्यात उगाच जमीन खणणं, उगाच पाणी सांडणं, उगाच आग लावणं, उगाच झाडझाडोरा तोडणं हे सगळं येतं. आमचा ठराव मी त्या यादीशेजारी ठेवून वाचला. पेव्हरसाठी खणणं, लॉनला पाणी, पाचोळ्याला काडी, झाडाला कुऱ्हाड. एकही राहिलेलं नाही.

आता माझ्यावर येतील ते आक्षेप मीच घेते, कारण ते सगळेच पोकळ नाहीत.

पहिला, साप. “वैनी, लहान पोरं खेळतात तिथं. काही झालं तर तुम्ही जबाबदारी घेणार काय?” ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. गेल्या पावसाळ्यात जाळीतून एक धामण निघाली आणि ती काठ्यांनी मारली गेली. मारून झाल्यावर ओळखली. बिनविषारी, उंदरांवर जगणारी. तिच्यानंतर उंदीर वाढले म्हणून पिंजरे आले, पिंजऱ्यांनी भागेना म्हणून गोळ्या आल्या. एका मरणातून किती मरणं निघाली बघा. पण हेही खरं, की नाग-घोणस येऊ शकतात. म्हणून झाडोरा घसरगुंडीशेजारी नको, कोपऱ्यातच हवा. मध्ये चालायची वाट मोकळी, रात्री दिवा, आणि सर्पमित्राचा नंबर वॉचमनच्या खोलीत भिंतीवर. मुख्य म्हणजे उरलंसुरलं अन्न बागेत टाकायचं नाही. अन्नाला उंदीर येतात, उंदरांमागे साप. सापाला जाळीपेक्षा आपलं खरकटं जास्त बोलावतं.

दुसरा, डास. डेंग्यूनं आमच्याच गल्लीत माणसं दवाखान्यात पडली आहेत, तेव्हा हाही आक्षेप मी टाळत नाही. पण डेंग्यूचा डास करवंदीच्या जाळीत जन्मत नाही. तो साठलेल्या स्वच्छ पाण्यात जन्मतो. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून भरून ठेवलेली उघडी पिंपं, कूलरची टाकी, कुंडीखालची बशी, गच्चीवरचं टायर, ताडपत्रीच्या घडीत साचलेलं पाणी. धुराची गाडी गल्लीतून जाते तेव्हा उडणारे डास मरतात, पिंपातल्या अळ्या मजेत राहतात आणि चार दिवसांत नवे डास तयार. धुरानं जे हमखास जातात ते पतंग, चतुर, काजवे, ज्यांतले काही डासांनाच खाणारे. पिंपाला झाकण लावायला पैसे पडत नाहीत, पण त्यात दाखवायला काही नसतं. धूर दिसतो, म्हणून धूर आवडतो.

पाखरांसाठी पाणी ठेवायचं असेल तर उथळ परळात ठेवावं आणि रोज सकाळी बदलावं. रोज बदललं की डासाची वाढच पुरी होत नाही, आठवड्यानं अळ्यांनी भरलेलं पाणी ओतायची वेळ येत नाही. ज्यांच्या घरात पाणी गाळून प्यायची रीत आहे त्यांना हे जड जाऊ नये.

तिसरा आक्षेप आपल्याच लोकांचा आहे, आणि तो मला सर्वांत जड वाटतो. माझ्या नणंदबाई व्रती आहेत. त्या म्हणाल्या, “अगं, तू पाचोळा साठवणार, ओल धरणार, म्हणजे तू जीवोत्पत्ती करणार. जीव जन्मले की मरणारही. निमित्त तू. त्यापेक्षा कोरडं स्वच्छ अंगण बरं. जीवच नाहीत तर हिंसाच नाही.”

या वाक्यावर मी दोन दिवस विचार केला. घरात, स्वयंपाकात, साठवणीच्या डब्यात त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे. तिथं ओल ठेवली, पीठ जुनं केलं, तर किडे होणार आणि ते आपल्या हातून मरणार. यत्न तिथंच आहे. पण बागेचा कोपरा हे आपलं पिठाचं डबडं नव्हे. तिथले जीव मी निर्माण केलेले नाहीत, ते आपल्या आधीपासून तिथले राहणारे आहेत. मी त्यांना आणत नाही. मी फक्त म्हणते की हाकलू नका. आणि ‘जीवच नाहीत तर हिंसाच नाही’ हे म्हणणं पुढं नेलं तर अहिंसेचं सगळ्यांत मोठं क्षेत्र म्हणजे सिमेंटचा पार्किंग तळ ठरेल. तिथं कुणी मरत नाही, कारण कुणी जगूच शकत नाही.

आणि हिशेबच मांडायचा तर मांडू. लॉन म्हणजे आठवड्याला यंत्र फिरणार, रोज पाणी, वरचेवर खत, अळी दिसली की औषध, वाळलं की उकरून नवं. आरंभच आरंभ. मी मागते त्या कोपऱ्यात वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, वाटेवर आलेल्या फांद्या बघून बघून छाटायच्या. पाचोळा उलथायचा नाही, जाळायचा तर नाहीच. कुणाच्या हातून कमी जीव जातात, हे नणंदबाईंनीच सांगावं.

त्यांना मी एका गोष्टीची आठवण दिली. पाणी गाळल्यावर गाळणीच्या कापडात जे राहतं त्याचं आपल्या आज्या काय करायच्या? झटकून मोरीत टाकायच्या? नाही. ती जिवाणी. कापड उलटं करून त्यावर गाळलेलं पाणी ओतायचं आणि ते पाणी ज्या विहिरीचं त्याच विहिरीत परत सोडायचं. वरून ओतायचं नाही, आपटून मरतील म्हणून बादली पाण्याला टेकेपर्यंत खाली न्यायची आणि तिथं उलटी करायची. दुसऱ्या विहिरीत चालत नाही, ते पाणी त्यांना मानवणार नाही.

मला तर वाटतं आपल्या धर्मातला हा सर्वांत सुंदर आचार आहे. त्यात नुसतं ‘मारू नये’ एवढंच नाही. जीव म्हणजे त्याचं ठिकाणही, हे त्यात आहे. त्याला त्याच्या जागी पोचवल्याशिवाय माझं काम पुरं झालं नाही, हे त्यात आहे. विहिरी बुजल्या, नळ आले, फिल्टर आले आणि जिवाणी आपल्या आयुष्यातून गेली. गाळणं राहिलं, परत पोचवणं गेलं. तेव्हापासूनच आपली अहिंसा ताटापुरती झाली असं मला वाटतं.

ताटापुरती आणि पेटीपुरती. जीवदयेच्या पेटीत आपण नोटा टाकतो. पांजरपोळ चालवतो. दिल्लीत लाल मंदिराच्या आवारात जैनांनी चालवलेलं पक्ष्यांचं रुग्णालय आहे, त्याचा मला अभिमान आहे. पण जखमी पाखराला पट्टी बांधायची आणि त्याचं झाड कापायचं, हे एकाच समाजाला कसं जमतं? २०२५ साली दादरच्या कबुतरखान्यावरून आपली माणसं रस्त्यावर उतरली. कबुतराला दाणे टाकावेत की नाही यावर मी इथं वाद घालत नाही. इतकंच विचारते, की तांबटासाठी, शिंप्यासाठी, भारद्वाजासाठी कुणी कधी रस्त्यावर उतरलं का? ते दाण्यावर जगत नाहीत. त्यांना जाळी लागते, वठलेली फांदी लागते, अळ्या लागतात. आणि जाळी न तोडणं याची पावती फाडता येत नाही, फलकावर नाव येत नाही.

सांगायला लाज वाटते, पण सांगते. मी काही आधीपासून शहाणी नव्हते. चार-पाच वर्षांपूर्वी माझ्या कढीपत्त्यावर अळ्या पडल्या. आधी पाखराच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या, मग हिरव्यागार, हात लावला की डोक्यातून नारिंगी शिंगं काढून वास सोडणाऱ्या. आमटीला पान मिळेना म्हणून मी रागावले आणि फवारणीवाल्याला हाक मारली. ‘किडा’ म्हटलं की आपल्याला काही वाटत नाही, हे मी स्वतःवरून सांगते. शेजारच्या झुडपात शिंप्यानं दोन पानं शिवून घरटं केलं होतं. आत पिल्लं होती, आईबाप दिवसभर अळ्या नेत होते. फवारणीनंतर तिसऱ्या दिवशी त्या घरट्यात हालचाल नव्हती. औषधानं गेली की उपाशी गेली, कोण सांगणार. त्या अळ्या म्हणजे लिंबावर आणि कढीपत्त्यावर वाढणारी मोठी काळी फुलपाखरं होती हे मला नंतर कळलं, आणि एका कुंडीतला कढीपत्ता बाजारात पाच रुपयाला मिळतो हे तर आधीच ठाऊक होतं. पाच रुपयांसाठी मी काय केलं, हे मी प्रतिक्रमणात म्हणते. पण नुसतं म्हणून भागत नाही. आता दोन झाडं आहेत, एक आमचं, एक त्यांचं.

फुलपाखरू सगळ्यांना हवं असतं, अळी कुणाला नको. आमच्या ठरावातसुद्धा ‘फुलपाखरांसाठी रंगीत फुलझाडं’ असं एक कलम आहे! फुलांवर येऊन ते पितं, पण अंडी घालायला त्याला ठरावीक झाड लागतं. रुई उपटली की रुईवर वाढणारं फुलपाखरू जाणार, पानफुटी उपटली की पानफुटीवरचं, टाकळा-बहावा काढला की त्यांच्यावरची पिवळी. नर्सरीतून कितीही रंगीत कुंड्या आणा, ज्यांनी अळीपण काढायला जागा दिली नाही त्यांच्याकडे फुलपाखरू कुठून येणार?

आपण सुट्टीत खानापूरच्या जंगलात गाड्या घेऊन जातो. भीमगडच्या अभयारण्याचा अभिमान सांगतो, तिथल्या बारापेडे गुहांतल्या दुर्मिळ वटवाघळांच्या बातम्या एकमेकांना पाठवतो. आणि आपल्या उंबरावर वटवाघूळ आलं की तक्रार अर्ज देतो. लांबच्या वटवाघळाचं रक्षण सरकारनं करावं, जवळच्याचा बंदोबस्त सेक्रेटरींनी!

मी फार मागत नाही. सगळी बाग जंगल करा असं म्हणत नाही. म्हाताऱ्यांना बसायला बाकं हवीत, पोरांना खेळायला मोकळी जमीन हवी. उंबर आणि त्यामागची जाळी, बागेचा एवढा एक कोपरा राहू द्या. उंबराखालून जाणारी पायवाट तीन-चार हात बाजूला घ्या, म्हणजे फळं पायाखाली येणार नाहीत. ज्यांच्यासाठी ती पडतात ते ती संपवतात. पेव्हरऐवजी माती राहू द्या, मातीत एकेकट्या राहणाऱ्या माश्या बिळं करतात. पंधरवड्याची फवारणी रद्द करा आणि ते पैसे पिंपांच्या झाकणांना द्या. रात्रभर जळणारा मोठा दिवा वाटेपुरता ठेवा, जाळीवर नको. यातल्या एकाही गोष्टीला लॉनएवढा खर्च नाही.

हे लिहून झालं तेव्हा पर्वाचे चार दिवस उरले होते. आपल्यात क्षमावाणीचा दिवस पर्व सरल्यावर येतो. त्या दिवशी आपण हात जोडून एकमेकांची क्षमा मागतो, आणि एकमेकांचीच नव्हे, चौऱ्यांशी लक्ष योनींतल्या सगळ्या जिवांची. ठरावाप्रमाणे कुऱ्हाडवाला त्याच आठवड्यात येणार. म्हणजे ज्यांची क्षमा मागायची त्यांचीच घरं दोन दिवसांनी पाडायची, का आधीच मागून ठेवायची?

सभा पुन्हा बोलवावी असा अर्ज मी दिलाय. सात घरांच्या सह्या आहेत. सातवी सही नणंदबाईंची आहे. सही करताना म्हणाल्या, “पाचोळ्याचं मला अजून पटलेलं नाही. पण उंबर आपण त्यांच्यासाठीच सोडलं होतं, हे खरं.”

रविवारी सकाळी दहा वाजता, बागेतच. या वेळी मी गप्प बसणार नाही.